दोनदा टाकलेलं पहिलं पाऊल

मित्रांनो, मी एक जुना पांगुळगाडा आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला कधी पाहिलं नसेल, म्हणून आधी ओळख करून देतो. पुढे एक चाक, मागे दोन चाकं, त्यावर लाकडाचा सांगाडा आणि रांगत्या लेकराच्या छातीइतक्या उंचीवर एक आडवा दांडा. लेकरू तो दांडा धरून उभं राहतं, मी थोडा पुढे सरकतो, मग त्यालाही नाइलाजाने एक पाऊल टाकावं लागतं. एवढंच माझं काम. त्याला फार हुशारी लागत नाही. आपण पळायचं नाही आणि अडूनही बसायचं नाही, इतकं भान असलं की झालं.

माझी उंची दोन-अडीच वितींची. तेवढ्या उंचीवरून माणसांचे चेहरे दिसत नाहीत, पाय दिसतात. त्यामुळे मी माणसं पायांवरून ओळखतो, आणि खरं सांगू का, माझी ओळख सहसा चुकत नाही. तोंडाने माणूस काहीही बोलेल, पण पाय अवघडले की मला कळतं.

माझा जन्म बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याचा. पस्तीस वर्षं झाली त्याला. वीज मंडळात लाइनमन असलेल्या जानरावांचा मुलगा नागसेन तेव्हा रांगत होता. जानरावांचे सोबती कारभारी सुतार यांनी एका मोडक्या बैलगाडीच्या साटीतून सागाचा तुकडा काढून माझा सांगाडा केला, चाकं मात्र बाभळीची केली. "साग दिसाले चांगला, पण चालाले बाभूयच लागते," असं ते म्हणायचे. शेवटी त्यांनी पुढच्या चाकावर दोन लाकडी पट्ट्या अशा बसवल्या की चाक फिरलं की टक-टक, टक-टक असा आवाज व्हावा. तो आवाज म्हणजे माझा जीव. लेकराला चालायची हौस नसतेच मुळी, त्याला आवाज काढायची हौस असते. चालणं त्याच्या मागोमाग येतं.

नागसेन अकराव्या महिन्यात माझ्यामागे चालला. त्याच्या उजव्या पायाची करंगळी जरा बाहेर वळलेली आहे, ते मी तेव्हाच पाहून ठेवलं होतं. त्याच्यानंतर गल्लीतल्या पोरांची रांगच लागली. आज या घरी, उद्या त्या घरी. उसनं आणलेलं भांडं रिकामं परत देऊ नये, असा आमच्याकडचा रिवाज, तो माझ्याही वाट्याला आला. लेकरू चालायला लागलं की दांड्याला काहीतरी बांधूनच मला परत पाठवायचे. कोणी गूळ-फुटाण्यांची पुरचुंडी बांधायचं, कोणी मूठभर भुईमुगाच्या शेंगा. उत्तमरावांच्या घरून निघालो तेव्हा तर अख्खी मेथीची जुडी बांधली होती, आणि ती खायला दोन बकऱ्या माझ्या मागे लागल्या होत्या! माझ्या दांड्याकडे कधी नीट पाहिलंत तर बारीक बारीक खड्डे दिसतील. त्या दातांच्या खुणा आहेत. नवे दात आलेल्या प्रत्येक लेकराने मला चावून पाहिलं आहे.

मग मेहकरच्या बाजारात रंगीत प्लॅस्टिकचे वॉकर आले. त्यांत लेकराला बसवलं की ते खोलीभर फिरतं, त्यात गाणंही वाजतं. माझं टक-टक कोणाला ऐकायचं? मी जानरावांच्या माळ्यावर गेलो. हरभऱ्याच्या पोत्याला टेकून तीन-तीन वर्षं पडून राहायचो. मागच्या एका पायाला वाळवी लागली, तेव्हा म्हाताऱ्या कारभारींनी तो तेवढा बदलून दिला. मधे नागसेनचा मुलगा धम्मरत्न याने चार महिने मला दामटलं आणि पुन्हा मी माळ्यावर. तिथेच माझा शेवट व्हायचा, असं मी धरून चाललो होतो. मला काय ठाऊक की म्हातारपणी मी विमानात बसणार आहे!

त्याचं असं झालं. नागसेनची बायको समता नर्स आहे. जालन्याच्या एका दवाखान्यात ती काम करायची. तिला आयर्लंडमध्ये नोकरी मिळाली, आणि नागसेन मेहकरची शाळेतली मास्तरकी सोडून लहान धम्मूला घेऊन तिच्यामागोमाग गेला. तिथे वर्षभरात यशोधरा झाली. समता बारा-बारा तास दवाखान्यात उभी, म्हणून दोन्ही लेकरं नागसेनच सांभाळायचा. डबे करायचा, लंगोट बदलायचा, धम्मूला शाळेत सोडायचा. जानरावांना याचा जरा संकोच वाटे. पारावर कोणी विचारलं की, "पोरगा तिकडं काय करते?" तर ते "कंपनीत हाये" म्हणून विषय बदलायचे.

सिंधूताई, म्हणजे नागसेनची माय, रोज मोबाईलवर नातवंडांना बघायच्या. मी माळ्यावरून ऐकायचो. एके दिवशी त्यांचा आवाज चढला.

"अरे नागसेना, तिचे पाय कुठी हायेत? सतरा महिन्याची झाली पोट्टी, मले तं आजलोक तिचे पाय दिसलेच नाही. जवा पाहा तवा तुह्या कडेवर!"

"माय, इथं भुई लय थंड असते. सर्दी होते तिले."

"अन् भुईले पाय लागलाच नाही तर ते लेकरू चालन कसं? हवेत?"

तेवढ्यात समता फोनवर आली. तिचा आवाज दमलेला होता. "आई, तुमच्यापासून काय लपवायचं? इथली सरकारी नर्स घरी येऊन यशूला तपासून गेली. म्हणाली, दहा ऑगस्टला परत येते. तोवर चालली नाही तर मोठ्या दवाखान्यात दाखवावं लागेल."

फोन बंद झाला. मग माळ्याची शिडी कुरकुरली आणि जानरावांचे खांबावर चढून घट्टे पडलेले हात माझ्यापर्यंत पोचले.

त्यांचं जायचं तर आधीच ठरलं होतं. जुलैच्या सुरुवातीला जायचं आणि चौदा ऑगस्टला परतायचं, अशी तिकिटं होती. आता सामानात मी वाढलो. मला जुन्या लुगड्यात गुंडाळून, सांडग्या-कुरड्यांच्या डब्यांशेजारी बांधलं. सिंधूताई निघताना गल्लीतल्या बायांना म्हणाल्या, "नातीले चालवते अन् माह्या डोयानं पाहून येते." असं बोलून गेलेल्या माणसाच्या पायांना घोर असतो, मित्रांनो. देऊळगाव राजाला गाडी बदलून जालन्याची गाडी धरेपर्यंत त्या एका जागी उभ्या राहिल्या नाहीत.

आयर्लंडच्या विमानतळावर एका साहेबाने आमचं बोचकं उघडायला लावलं. मला हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि काहीतरी विचारलं. जानरावांना इंग्रजी येईना, पण म्हणून हार मानतील तर ते लाइनमन कसले! त्यांनी मला फरशीवर ठेवलं, गुडघे वाकवले, दोन्ही हातांनी माझा दांडा धरला आणि भर गर्दीत लेकरासारखी चार पावलं चालून दाखवली. टक-टक, टक-टक. सगळी रांग हसायला लागली. साहेबही हसला आणि त्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

"अवो, उठा आता," सिंधूताई पुटपुटल्या, "लोकं पाहून राह्यले."

घरी पोचलो तेव्हा सगळ्यांत आधी मला नागसेनचे पाय दिसले. दोन-दोन मोज्यांत होते, तरी उजव्या करंगळीवरून मी ओळखले. त्याच्या कडेवरून दोन बारके पाय लोंबत होते. त्यांनाही जाड लोकरीचे मोजे. सिंधूताईंनी आधी नातीचा चेहरा नाही पाहिला, तिचे मोजे ओढून काढले आणि दोन्ही तळवे गालांना लावले. लोण्यासारखे मऊ होते ते. कधी भुई न पाहिलेले पाय.

"आबा, ही माझी गाडी आहे?" साडेपाच वर्षांच्या धम्मूने मला पाहून विचारलं. तो आता मोठा झाला होता आणि मराठी बोलताना मधेच इंग्रजीत शिरायचा.

"तुही होती. आता तिची," जानराव म्हणाले.

आता तिची म्हणायला काय जातं? ते घर सगळं गालिच्याने मढवलेलं होतं. खोलीत गालिचा, जिन्यावर गालिचा, चालायच्या चिंचोळ्या वाटेतसुद्धा गालिचा. त्याला ते कार्पेट म्हणतात. माझी बाभळीची चाकं त्यात चिखलात रुतावी तशी रुतली. ढकललं तरी जेमतेम सरकत होतो, आणि आवाज तर पार गेला. माझं टक-टक मुकं झालं. यशूने दोनदा दांडा धरला, एकदा चावून पाहिला आणि ती बापाकडे हात करून रडू लागली. नागसेनने तिला उचललं. असे पंधरा दिवस गेले. बाहेर अंगण होतं, पण तिथे जुलैतसुद्धा रोज पावसाची भुरभुर. सिंधूताईंना तर संध्याकाळी नऊ वाजता लख्ख उजेड पाहून झोप यायची नाही. "इथला सूर्य डुटीवरून सुटतच नाही काय?" असं त्या विचारायच्या.

मी त्या दिवसांत फार खट्टू होतो. एकोणीस लेकरं चालवली आणि विसाव्यापाशी नापास! तेही जानरावांच्या सख्ख्या नातीपाशी.

एका दुपारी नागसेन स्वयंपाकघरात भाकरीचं पीठ मळत होता आणि यशू झोपली होती. सिंधूताई शेजारी बसून लसूण सोलत होत्या. मी दारात उभा. नागसेनचे पाय एकाएकी अवघडले.

"माय, धम्मूच्या वक्ताले घरात दहा माणसं होती. तो पडला तर दहा जण धावत. इथं समता डुटीवर गेली की मी एकटा. ही पडली, डोकं आपटलं, तर मी कोणाले हाक मारू? म्हणून कडेवर घेतो तिले." "आता लोकं म्हणतील, बापाजवळ ठेवली, म्हणून लेकरू चाललं नाही."

सिंधूताईंनी हातातला लसूण खाली ठेवला. "लोकायचं तोंड लोकायजवळ," त्या म्हणाल्या. "तू आधी दोन घास खाऊन घे. सकायपासून उपाशी हायेस."

हे सगळं बाहेरच्या वाटेत जानराव ऐकत होते. त्यांचे पाय मला दिसत होते. ते आत आले नाहीत. पण त्या संध्याकाळी आयुष्यात पहिल्यांदा ते ओट्यासमोर उभे राहून कांदे चिरताना मी पाहिले. "कंपनीत हाये" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बॅगेच्या तळातून आपली पक्कड काढली. लाइनमन निवृत्त होतो, त्याची पक्कड होत नाही. वाटेतल्या कार्पेटचा एक कोपरा त्यांनी हळूच उचलून पाहिला. खाली लाकडाच्या फळ्या होत्या. जानरावांनी माझ्याकडे पाहिलं, मी जानरावांकडे. मग बापलेकांनी मिळून, एकेक खिळा उपटत, दारापासून स्वयंपाकघरापर्यंतचं सगळं कार्पेट वळकटीसारखं गुंडाळून जिन्याखाली उभं केलं. आमच्याकडे शेणाने सारवलेली जमीन उकरली तर पुन्हा सारवता येते. तोच हिशेब त्यांनी तिथे लावला.

समता घरी आली ती दारातच थबकली. "बाबा! हे भाड्याचं घर आहे!"

"हाव बाई, माहीत हाये," जानराव शांतपणे म्हणाले. "म्हणून तं फाडलं नाही. नुसतं गुंडायलं."

समताला राग आवरेना. ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली, बूट काढले आणि सुजलेले घोटे दाबत राहिली. घरमालक काय म्हणेल, दंड किती लावेल, हे ती स्वतःशीच बोलत होती. तेवढ्यात तिला मी ऐकू आलो. टक-टक. थोडं थांबून, टक-टक, टक-टक. सिंधूताईंनी उघड्या पायांच्या यशूला माझ्यामागे उभं केलं होतं. फळ्यांचा गारवा तळव्यांना लागला तसं त्या पोरीने आधी पाय वर घेतले, मग पुन्हा टेकवले, मग बोटं दाबून पाहिली. आणि माझा आवाज ऐकून अशी खिदळली की दांड्यावर लाळेचं तळं झालं. समताने त्या संध्याकाळी कार्पेटचं नावही काढलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने घरमालकाला फोन करून खरं काय ते सांगून टाकलं. जाताना पूर्ववत करून द्या म्हणजे झालं, असं तो म्हणाला. भला माणूस.

आता यशू दिवसभर माझ्यामागे. दारापासून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरापासून दार. माझा जुना जोम परत आला होता. पण, मित्रांनो, माझं काम तेवढ्याने होत नाही. लेकराने मला धरणं ही अर्धीच गोष्ट. मला सोडणं ही उरलेली अर्धी. आणि यशू मला सोडीना. कारण तिच्यामागे वाकून, दोन्ही हात पसरून, कोंबडी धरायला निघाल्यासारखा नागसेन चालत असे. ती जरा कलंडली की ते हात तिला उचलायचे. कशाला सोडेल ती?

"अरे, तिची सावली सोड!" सिंधूताई ओरडायच्या.

"सोडतो ना माय," तो म्हणायचा. आणि सोडायचा नाही.

ऑगस्टची आठ तारीख उजाडली. नर्स येण्याला दोन दिवस, म्हातारा-म्हातारी परतण्याला सहा. सिंधूताईंनी बॅगा भरायला घेतल्या होत्या. पण घडी केलेलं लुगडं त्या पुन्हा उलगडायच्या आणि पुन्हा घडी करायच्या. समता सकाळीच ड्युटीवर गेलेली. संध्याकाळी नागसेन धम्मूला घेऊन बाजारहाट करायला गेला.

यशू मला ढकलत वाटेच्या मध्यापर्यंत आली होती. जानराव जिन्यावर बसले होते, सिंधूताई स्वयंपाकघराच्या दारात. तेवढ्यात बाहेरचं दार उघडलं. पावसात भिजलेला नागसेन उंबऱ्यात उभा. दोन्ही हातांत दोन-दोन पिशव्या. बटाटे, दूध, तांदूळ, वर अंड्यांचा खोका.

"बाबा!" यशूने एक हात माझ्यावरून उचलून त्याच्याकडे केला. मला घे, असं म्हणणारा तो हात मी दिवसातून पन्नास वेळा पाहत होतो. नागसेन सवयीने पिशव्या ठेवायला वाकला.

"पिशव्या खाली ठेवू नको!" सिंधूताई कडाडल्या. "नागसेना, तशाच धर!"

तो तसाच थांबला. अर्धा वाकलेला, हात ताणलेले. मागून धम्मूला आत यायचं होतं, पाऊस त्याच्या डोक्यावर पडत होता, पण त्यालाही काहीतरी कळलं असावं. तो हलला नाही. यशूने हात आणखी लांब केला. बाबा येईना. तिने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आणि मग तिचा दुसरा हात माझ्या दांड्यावरून निघाला.

दांडा एकदम हलका झाला. पस्तीस वर्षांत मी हा क्षण एकोणीस वेळा अनुभवला होता, तरी दर वेळी माझ्या लाकडात काहीतरी हलतं. एक पाऊल पडलं. दुसरं. तिसऱ्याला ती डुलली, पण नागसेनने हातातल्या पिशव्या सोडल्या नाहीत. चौथं. पाचवं. आणि ती त्याच्या ओल्या गुडघ्यांना मिठी मारून उभी राहिली.

मग मात्र पिशव्या पडल्या. सगळी अंडी फुटली. कोणी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नागसेन उंबऱ्यातच खाली बसला, रडत होता आणि हसत होता. तरी बराच वेळ त्याने तिला उचललं नाही. ती त्याचे कान धरून उभी होती.

आनंदाची पहिली लाट ओसरल्यावर जानराव हळू आवाजात म्हणाले, "समता नव्हती."

जिच्या पायांवर ते अख्खं घर उभं होतं, तीच नेमकी तिथे नव्हती. धम्मूचंही पहिलं पाऊल तिचं हुकलं होतं. तेव्हा ती जालन्याला रात्रपाळीवर होती, आणि ते तिच्या मनात राहून गेलं होतं, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

सिंधूताईंनी पदर खोचला. "तिले सांगाचं नाही," त्या म्हणाल्या. "डुटीवरून ती आली की लेकरू तिच्यापुढं चालन. तेच पयलं. समजलं काय सगळ्यायले?"

"पण आजी, ते तर सेकंड आहे," धम्मू म्हणाला.

जानरावांनी त्याला जवळ घेतलं. "बाबू, तुले मोजता येते, हे लय चांगलं हाये. पण आज मोजू नको."

ठरलं खरं, पण यशूला कोण सांगणार? इतके दिवस जी कडेवरून उतरेना, ती आता कडेवर राहीना. नागसेन तिला उचलून घेई आणि ती मासोळीसारखी सुळकन खाली उतरे. दोन तासांत ती कितीदा चालली, कितीदा बुडावर आपटली, याची गणतीच नाही. मी भिंतीशी उभा राहून मजा पाहत होतो.

साडेआठला कुलपात किल्ली फिरली. बाहेर अजून उजेड होता. शाळेचा फोटो काढायला उभे राहावेत तसे चौघंही वाटेत उभे राहिले. धम्मूने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं होतं. सिंधूताईंनी यशूचे हात माझ्या दांड्यावर नेऊन ठेवले. समता आत आली, तिची नजर लेकीवर गेली, आणि यशूने मला सोडलं. सरळ निघाली. मधेच वळून सगळ्यांकडे पाहिलं, पुन्हा फिरली आणि आईच्या पोटात जाऊन शिरली. नऊ पावलं.

समताचे बूट तसेच पायांत होते. ती गुडघ्यांवर बसली. "मी घरी होते," ती म्हणाली. "नागसेन, पाहिलंस ना? या वेळी मी घरी होते!" आणि ती लेकीला छातीशी धरून ओक्साबोक्शी रडली. सिंधूताईंनी पदराने डोळे पुसले. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, एकदा नव्हे, दोनदा.

दहा तारखेला ती सरकारी नर्स आली. यशूने तिच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि चालत स्वयंपाकघरात निघून गेली. तपासणी तिथेच संपली. जानरावांनी कार्पेट आधीपेक्षाही नीट ठोकून दिलं. निघायच्या दिवशी मला तिथेच ठेवावं असं सिंधूताईंच्या मनात होतं, पण नागसेन म्हणाला, "घेऊन जा, माय. इथं तो माळ्यावर जाईन. तिकडं आशाकाकूची नात रांगून राह्यली." त्याने रिवाजाप्रमाणे माझ्या दांड्याला एक वस्तू बांधली. यशूचे ते जाड लोकरीचे मोजे.

साखरखेर्ड्याला परतलो आणि गल्लीतल्या आशाबाईंच्या नातीने मला चार महिने दामटलं. गावात माझा मान वाढला आहे. परदेशी जाऊन आलेला गाडा म्हणून लोक मला बघायला येतात. चाकांना तेल मिळतं, उन्हात कोणी ठेवत नाही. आणखी काय हवं?

गेल्या डिसेंबरात नागसेन-समता लेकरांना घेऊन गावी आले. यशू आता पळते. ती माझ्याजवळून तीनदा पळत गेली, एकदा अडखळून मला लाथही मारली. तिने मला ओळखलं नाही. त्याचं मला काही वाटलं नाही, कारण चालायला शिकलेलं कोणालाच आठवत नसतं. मग तिने आपली बाहुली माझ्यावर बसवली आणि तिला अंगणभर फिरवलं.

त्या दिवशी सासू-सुना ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. मी बाजूलाच होतो. समता मान खाली घालून म्हणाली, "आई, एक विचारू? त्या दिवशी यशू मी यायच्या आधीच चालली होती ना?"

सिंधूताईंच्या हातातलं सूप थांबलं. "कोणं सांगितलं तुले? धम्मूनं?"

"कोणीच नाही. नऊ पावलं चालली ती, वरून मधेच वळली. पहिल्याच दिवशी कोणतं लेकरू वळतं, आई? मी नर्स आहे."

"मंग तवा बोलली काऊन नाही?"

समता थोडी हसली. "तुम्ही चौघं भिंतीला लागून कसे उभे होतात! धम्मूने तर श्वास कोंडला होता. माझ्यासाठी एवढं कोणी केलेलं मी कशाला मोडू?"

सिंधूताईंनी सुपातला एक खडा काढून टाकला. तो नेमका माझ्या चाकापाशी पडला. "मोडाचं काय त्यात?" त्या म्हणाल्या. "आमच्यापुढं चालली ते शिकणं होतं. तुह्यापुढं चालली तेच पयलं पाऊल. मी तवाच सांगितलं होतं सगळ्यायले."

मित्रांनो, एखाद्या घरी माझ्यासारखा जुना गाडा पडून असेल तर त्याला वाळवी लागू देऊ नका. रांगतं लेकरू असेल त्या घरी नेऊन द्या, आणि देताना त्याच्या दांड्याला काहीतरी बांधा. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. आज घरी गेलात की विचारा, मी पहिलं पाऊल कोणाकडे टाकलं होतं? कोणी आईचं नाव सांगेल, कोणी आजोबांचं, कोणी कामावरून दमून आलेल्या मावशीचं. कदाचित त्याआधीही तुम्ही एकदा चालला असाल. कोणीतरी ते पाहिलं असेल आणि दुसऱ्या कोणासाठी आपल्या पोटात ठेवलं असेल. ते शोधत बसू नका. घरचे जे नाव सांगतील, तेच खरं धरा.